हौसाने घाटात केलेली बारशी

एकदा काय झालं, घाटाच्या पायथ्याशी हौसा नावाची एक बाई राहायची. घाटाच्या वर तिचा भाऊ, सखाराम. ऐन पौषात सखारामला मुलगी झाली. आता तिकडची रीत अशी, बरं का, की बाळाचं नाव आत्यानंच ठेवायचं, बाराव्या दिवशी, दिवेलागणीच्या आत. नाही ठेवलं तर थंडी यायची, पाळण्यातलं बाळ उचलायची आणि चालू लागायची. बिननावाच्या बाळाला हाक मारून परत बोलावणार कसं?

मग बाराव्या दिवशी सकाळीच हौसानं गाडी जुंपली. नवरा म्हणाला, "अगं, मी येतो."

"वाटभर खोकत बसाल. पडून राहा गुपचूप!"

अशी होती ती. तिनं लाडवांचा डबा घेतला, टोपडं घेतलं आणि मनात तीन नावं घेतली. मंजुळा, अंबू, शेवंता. बाळाचं तोंड बघायचं आणि शोभेल ते ठेवायचं.

पहिल्या वळणावर धुकं आडवं पसरलेलं. बैलांना आपली शिंगंसुद्धा दिसेनात. हौसा ओरडली, "ऊठ की रे बाबा, माझ्या भाचीचं बारसं आहे!"

मग धुकं रडायलाच लागलं. "माझं कुणी केलंच नाही बारसं. मला आत्या नाही."

आता काय करावं! हौसानं त्याला मांडीवर घेतलं. लुगडं चिंब झालं, पण कान काही सापडेना. मग अंदाजानंच कुर्र केलं आणि नाव ठेवलं मंजुळा. मंजुळा खूश होऊन दरीत पळाली. हसताय काय रे? धुक्यालाही वाटतं.

मग दुसऱ्या वळणावर ही मोठी धोंड. "मलाही नाव हवं," म्हणते कशी!

"मांडीवर नाही हं घेणार, माझे गुडघे जातील," हौसा म्हणाली. उभ्यानंच तिनं तिला अंबू केलं. अंबू गडगडत बाजूला झाली.

तिसऱ्या वळणावर एक पोर भरभर चालली होती. अंगात काही नाही, ओठ निळे. ती होती थंडी.

"कुठं गं निघालीस?"

"सखारामकडे. तिथं पाळण्यात बिननावाचं बाळ आहे. मलाही नाव नाही, मला कुणी घरात घेत नाही. तेच आणते सोबतीला."

हौसाला राग आला, आणि मेली दयाही आली. मग तिनं पोरीला पदराखाली घेतलं, हातावर लाडू ठेवला, कानात शेवंता म्हणाली.

शेवंता लाडू खाऊन म्हणाली, "पण आत्या, दिवेलागण झाली तर मला यावंच लागेल हं. रीत आहे."

मग हौसानं बैल असे पिटाळले की बस! पोचली तेव्हा ऊन उंबऱ्यापाशी आलेलं. बायका पाळण्याभोवती जमलेल्या. हौसा वाकली आणि मनातली नावं चाचपू लागली. मंजुळा म्हणावं, तर हाकेसरशी धुकं घरात यायचं. अंबू म्हणावं, तर धोंड यायची. आणि शेवंता? ती तर दारात येऊन उभीच होती.

"ठकू ठेवा," कुणी म्हणालं.

"ठकू मी आहे ना!" शेजारीण म्हणाली. पारू सुचवून झाली, सगुणा सुचवून झाली. गावात एक नाव रिकामं नव्हतं.

वहिनी रडायला लागली. "वन्सं, बोला ना काहीतरी!"

मग हौसा बाळाच्या कानाशी गेली, कुर्र केलं आणि म्हणाली, "हौसा."

बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, रीतच ती. शेवंता दारातूनच मागे फिरली. पाळण्यात बाळ गुलाबी दिसत होतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं सवयीनं हाक मारली, "हौसा!" ही ढिम्म. आणि तिकडे घाटाच्या वर, पाळण्यात, बाळ खुदकन हसलं.

वाईट वाटलं का तिला? वाटलं की. तिच्या आत्यानं ठेवलेलं नाव ते. नवरा मग "अगं ए" म्हणू लागला आणि बाकी सगळे आत्या. गावातले आत्या म्हणायचे, घाटातलं धुकंही आत्या म्हणायचं. पुढच्या पौषात भाची बोलू लागली. तीही आत्याच म्हणाली, आणि ही ताडकन उठून धावली.

मग ती तिकडे सुखात राहिली, भाची सुखात वाढली. आता तुम्ही पाय पोटाशी घ्या आणि झोपा बघू.