घेवड्याची वेल आणि डॉक्टर निमकर

माणसांना कधीतरी ऐकू जाईल या आशेनं झाडं अजून बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. संशोधन केंद्रातल्या एका कुंडीत घेवड्याची वेल होती. डॉक्टर निमकर रोज सकाळी तिला बांबूच्या काठीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायचे. घेवडा मात्र जन्मजात उलट्या दिशेनं चढणारा. दुसऱ्या सकाळपर्यंत वेल कशीबशी स्वतःला सोडवून घ्यायची, आणि निमकर वहीत लिहायचे, “वेल अशक्त. आधार धरत नाही.”

“अहो, धरू द्याल तर धरीन ना!” वेल करवादायची. “कितीदा सांगायचं?”

“मला कुठूनही चढ बाई, माझी ना नाही,” काठी म्हणायची.

मग निमकर पंधरा दिवस रजेवर गेले. वेल आपल्या दिशेनं सरसर चढली, शेंड्याला पोचली, फुलली.

परतल्यावर निमकर हरखून गेले. त्यांनी लिहिलं, “रोज गुंडाळल्याचा अखेर गुण आला.”

कपाळावर मारून घ्यायला वेलीला हातही नव्हता.

“जाऊ दे,” काठी म्हणाली. “सुटलीस ना एकदाची?”

“मी सुटले गं,” वेल म्हणाली. “पण ते बघ, निघाले शेजारच्या कुंडीकडे.”