वॉरेल्टनच्या भिंतींतली उणी वीट

मंडळी, तळं दिसायला शांत आहे, पण काठाशी फार जाऊ नका. मेलबर्नमधल्या आमच्या या वॉरेल्टन उपनगरातली पहिली घरं याच खड्ड्यातल्या, म्हणजे आता तळं झालेल्या जुन्या खाणीतल्या, मातीच्या विटांनी उभी राहिली. तळ्याकडच्या प्रत्येक भिंतीत एक वीट कमी आहे, पाहिलंत? गवंडी विसरला, असं समजू नका. ती मुद्दाम सोडतात.

असं सांगतात, की शंभरेक वर्षांपूर्वी इथे वीटभट्टी होती आणि मातीच्या खाणीच्या अगदी कडेला कामगारांची वस्ती. वस्तीच्या रस्त्याखाली कुदळ लावायची नाही, अशी सगळ्यांनी मिळून शपथ घेतलेली. पण तांबडी, चिकट, उत्तम माती नेमकी तिथेच! टॉम हॅनलन नावाच्या कामगाराची बायको नोरा, तिचे दिवस भरत आलेले. बाळ येण्याआधी घर पुरं व्हावं म्हणून टॉमने शपथ मोडली आणि गुपचूप रस्त्याखालची माती काढली. भिंत होत आली, एका विटेची जागा तेवढी उरली.

त्या भोकातून आवाज येऊ लागला म्हणे. "टॉम, खाली कुणीतरी दात खातंय," नोरा म्हणाली. टॉमने ओळखलं, आपण पोखरलेली जमीन कुरकुरतेय. बोलावं तर चोरी उघडी पडणार! त्याने भोकात चिंधी कोंबली आणि तीन दिवस तोंडातून ब्र काढला नाही.

रविवारी भर दुपारी चिंधी आपोआप गळून पडली. आवाज थांबला होता, आणि त्या शांततेने तो जास्तच भ्याला. नोराला उचलून त्याने टेकडी गाठली. वाटेत शेजारचं डॉयल कुटुंब खिडकीतून दिसलं, जेवायला बसलेलं. आधी हिला वर पोचवू, मग यांना सांगू, असं म्हणून तो पुढे गेला. परतला तेव्हा डॉयलांचं घर सहा माणसांसकट खाणीत गेलं होतं.

पुढे टॉमनेच उरलेल्या प्रत्येक घरी जाऊन, आपला गुन्हा सांगत, जमिनीचा आवाज ऐकू यावा म्हणून भिंतीतली एकेक वीट काढली म्हणे.

आजही वॉरेल्टनमध्ये जेवणाआधी कुणीतरी त्या भोकाला कान लावतं. आवाज आला तर आधी शेजाऱ्याचं दार ठोठावायचं, मग आपल्या माणसांना हाक मारायची, असा इथला नेम. बत्तीस वर्षं मी कान लावतोय. आवाज येईल याची भीती वाटतेच. त्याहून मोठी भीती ही, की घरात माझी दोन नातवंडं असताना मी आधी कुणाच्या दाराकडे धावेन.