सालीवरचे दोन डोळे

फार जुनी गोष्ट. पळस फुलला की ओढ्याकाठची ओली वाळू चोखायला फुलपाखरांची पंगत बसायची आणि ती बघायला माणसं मुद्दाम रानात यायची. शेजारच्या ऐनाच्या झाडाच्या सालीवरचा राखाडी पतंग मात्र कुणाला दिसायचा नाही.

"तुझं असणं नसणं सारखंच," निळं फुलपाखरू त्याला चिडवायचं.

एका सकाळी निळं सोंड खुपसून दंग असताना वेडा राघू पक्षी त्याच्यावर झेपावला. पतंग सालीवरून उडून निळ्यापुढे येऊन बसला आणि त्याने पंख फाकले. वरच्या पंखांखाली दडलेले दोन पिवळे, वटारलेल्या डोळ्यांसारखे ठिपके उघडे पडले. घुबड समजून राघूने धूम ठोकली.

पतंगाला जागा द्यायला सगळी पंगत सरकली. "दादा, इथं मधोमध बसा," निळं म्हणालं.

पतंग पुन्हा सालीला चिकटला. "नको रे. हे डोळे अवचित दिसले तरच भिववतात. मी दिसत नाही, म्हणून तर तुम्ही उद्याही दिसाल."