दुसरीच्या लुगड्याची पट्टी

आमच्या शिंपाळे गावच्या चर्चमध्ये आलात, तर वेदीवरच्या आच्छादनाची पांढरी लेस जवळून पाहा. तिच्या नक्षीतल्या तिसऱ्या पानापाशी एक पीळ उलटा पडला आहे. तो जाणूनबुजून ठेवलेला आहे.

असे सांगतात की, रेजिन नावाच्या विधवेचा मुलगा पासकू समुद्रावर वादळात सापडला, तेव्हा तिने मारियामातेला वेदीभर लेसचा नवस केला. पासकू परतला. रेजिन उशीवर टाचण्या रोवून, सुताच्या कांड्या जोडीजोडीने एकमेकींवरून फिरवत लेस विणू लागली. परंतु काम अर्ध्यावर येईतो तिची दृष्टी विझत चालली. तेव्हा तिने प्रत्येक जोडीला खूण बांधली: कुठे शिंपली, कुठे चिंचोका, कुठे माशाचा मणका. डोळ्यांचे काम बोटांनी उचलले. सून कोंसू म्हणे, "आई, दोन ओळी मला विणू द्या." रेजिनचे उत्तर ठरलेले असे. "नवस माझ्या तोंडचा, बाय. तो तुझ्या हाताने कसा फिटेल? तू आपले कालवण बघ. कालही खारटच होते."

लेस वाहायची त्या मातेच्या सणाला आठ दिवस उरले असता भर दुपारी उधाणाचे पाणी घरात शिरले. उशी उचलावी, तर कांड्या घरंगळून गुंता होणार. तो आंधळ्या बोटांना सुटणार नाही आणि नवस राहून जाणार. रेजिन उशीला बिलगून बसली. कोंसूने अंगावरच्या लाल लुगड्याचा काठ टरकन फाडला, कांड्या ओळीने दाबून त्यांवरून पट्टी आवळली आणि उशी डोक्यावर घेऊन, सासूचा हात धरून ती टेकडी चढली.

वर पोहोचल्यावर रेजिनने बोटे फिरवली. एकही कांडी निसटली नव्हती. घाईत दोन जोड्यांची मात्र अदलाबदल झाली होती. शिंपलीच्या जागी चिंचोका येऊन एक पीळ उलटा पडला होता.

"चुकले, आई. सोडवून घ्या."

रेजिनने म्हणे तो पीळ बोटाने पुन्हा चाचपला. मग म्हणाली, "राहू दे. तेवढा पीळ तुझ्या हातचा. मातेला सांगेन, लेस दोघींची आहे. कालवणाचे काही सांगणार नाही."

नवस सणाच्या दिवशी फिटला.

आजही आमच्याकडे लेस विणणारी बाई उठण्यापूर्वी कांड्या बांधते, त्या शेजारणीच्या लुगड्याच्या पट्टीने. स्वतःच्या कधीच नाही. शेजारणीशी अबोला असेल, तर आधी तो सोडावा लागतो. मगच कांड्या बांधता येतात.