मिठाच्या बेटावरची मापारीण

एका बेटावर येसू नावाची मापारीण राहायची. बेटावर भात होत नसे, मीठ मात्र उदंड पिके. लोक दामोशेट वाण्याकडे मीठ घालत आणि तांदूळ नेत. शेट ते मीठ गलबतावर देऊन तांदूळ आणी. गलबत खोल पाण्यात थांबे आणि रिवाजाप्रमाणे तिथवर होडीतून दोघंच जात, वाणी आणि मापारीण.

त्या साली गलबताच्या तांडेलानं तांदळाच्या एका पोत्याला तीन पोती मीठ मागितलं. आदल्या साली पोत्याला पोतं होतं. दूरच्या मुलखात पीक बुडालं होतं, आणि मीठ आता पलीकडच्या किनाऱ्यावरही पिकू लागलं होतं. शेटनं पुष्कळ घासाघीस केली. शेवटी मुकाट्यानं माल घेतला.

तांदूळ तिप्पट महागला. मग कोळ्यानं मासळी महाग केली, न्हाव्यानं हजामत. आम्हीही तांदूळच खातो, म्हणाले. शेटनं साठा दाबलाय अशी कुजबुज उठली. कुणीतरी त्याच्या दारावर दगड मारला. तो आवाज ऐकून येसूनं आपल्या दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. "शेट, तुमचं पोट सुटतंय आणि आमची खपाटीला गेलीत," एक बाई म्हणाली.

शेट रागावला नाही. तो वळून म्हणाला, "येसूबाई, तुम्ही होतात ना होडीत? सांगा यांना, तांडेलानं काय भाव लावला ते."

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. खरं बोलावं, तर हीसुद्धा सामील आहे म्हणतील.

"मी आपलं माप घातलं," ती म्हणाली. "भावाचं मला काय ठाऊक?"

झालं. गावकीनं शेटला जुन्याच भावानं विकायला लावलं. आठ दिवसांत दुकान रिकामं झालं. हाती आलेल्या मिठात आता तिसरा हिस्साच तांदूळ येणार होता. पुढचं गलबत आलं, तेव्हा शेट बायकामुलांसह त्यातच बसून निघून गेला. येसूकडे त्यानं पाहिलंही नाही. त्याच्या जागी उभं राहायला कुणी धजेना. गलबतं न थांबताच जाऊ लागली.

घरोघरी रानातले कंद शिजू लागले. पोरं ते खाऊन रडत. तेव्हा कुठे येसू दारोदार जाऊन खरं सांगत सुटली. कुणी तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. एक म्हातारा तेवढा हळूच म्हणाला, "अगं, तेव्हा सांगतीस तर आम्ही अर्धपोटी राहिलो असतो. पण राहिलो असतो."

तात्पर्य: महागाई दिसते शेजारच्या दुकानात, पण पुष्कळदा ती येते दूरच्या मुलखातून; हे ज्याला ठाऊक आहे तो भिऊन गप्प बसला, की शिक्षा निरपराध्याला होते आणि उपास सगळ्यांना घडतो.