उंडीचं वळण

“ह्या येड्याक आणखी किती दिवस घरी पोचवू मी, तांडेलानू?”

गजा कुबलाने विचारलं आणि खांद्यावरची ओली दोरी वाळूत टाकली. विचारलं कसलं, जाबच मागितला. तो येडा, अनंता, चार पावलांवरच दोऱ्या गुंडाळत होता.

भिवा तांडेल फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“कंटाळलंस?”

“कंटाळलंय नाय. पण आता माझो काय संबंध? मी बरो झालंय.”

“कोण म्हणता?”

“सगळी वाडी म्हणता.”

“वाडी म्हणता म्हणजे खरा असतला,” तांडेल म्हणाला आणि दातांनी दोरा तोडला.

…

खारवाडीच्या किनाऱ्यावर तेव्हा रापण ओढली जायची. होडीतून जाऊन समुद्रात लांबलचक जाळं अर्धगोल टाकून यायचं आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या माणसांनी किनाऱ्यावरून ओढायच्या. आता यंत्रांच्या होड्या आल्या आणि ते सगळं मागे पडलं. पण ज्यांनी ती दोरी हातात धरली आहे, त्यांना अजूनही संध्याकाळी समुद्राकडे बघितलं की तळव्यांना खाज सुटते.

जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही तिथली जुनी रीत. रापणीचा म्होरक्या असलेल्या भिवा तांडेलाने ती रीत जरा ताणली. दारू सोडल्यामुळे ज्यांचे हात कापतात, वेड्यांच्या इस्पितळातून परत आल्यावर ज्यांना घरचेच पडवीत जेवायला वाढतात, असे सगळे त्याने आपल्या दोरीला लावले. लोक हसून ‘येड्यांची रापण’ म्हणायचे. तांडेलही हसायचा. त्याला वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण एकेकाळी स्वतःची होडी पिऊन टाकलेला पहिला येडा तोच होता.

वाटे झाले की सगळे वाळूत गोल बसत. ज्याला बोलावंसं वाटे तो बोले. उपदेश करायचा नाही, एवढीच अट होती. कुणी म्हणे, आज दुपारी घसा फार सुकला रे. कुणी म्हणे, आज परत कानात कोण तरी बोलायला लागलं. मग दुसरा कुणीतरी हळूच म्हणे, “माका पण.”

बस्स, एवढंच. त्या दोन शब्दांवर माणसं दुसरा दिवस काढायची. किती साधं होतं ते, आणि आता किती दूर गेलं.

…

गजा त्या दोरीला आला तेव्हा त्याच्या दारूपायी बायको शेवंती लेकीला घेऊन माहेरी गेलेली. तांडेलाने पहिल्याच संध्याकाळी त्याला बाजूला घेतलं आणि अनंताकडे बोट दाखवलं.

“तो एकटो गेलो तर वाट चुकता. रोज तेका घरी पोचव.”

अनंता म्हणजे इस्पितळातून आलेला, दिवसाला चार शब्द बोलणारा, बघावं तेव्हा कुठेतरी लांब नजर लावलेला माणूस. दोघांची घरं एकाच वाटेवर होती. गजाला ते काम आवडलं. आपल्यावरही कुणी काही सोपवतं, या विचाराने तो ताठ चालायला लागला. अनंताला तो वाटभर चार शहाणपणाच्या गोष्टी सांगे. अनंता ऐके, किंवा ऐकत नसे, कोण जाणे.

अनंताची एक खोड मात्र वाईट होती. उंडीच्या जुन्या झाडापाशी वाट वळते, तिथे तो हटकून गजाच्या डाव्या अंगाला येई आणि त्याला खेटून चाले.

“अरे, वाट काय कमी पडता तुका?” गजा ओरडे.

अनंता तसाच खेटून चालत राही. त्या दोघांच्या मागून, थोडं अंतर ठेवून, कंदील घेऊन खोकत खोकत तांडेल येई. त्याचं घर त्याच वाटेवर, आणखी पुढे होतं. म्हातारा आपल्यावर नजर ठेवतो, असं गजाला वाटे.

गणपतीत शेवंती परत आली. वाडीने कौतुक केलं. आणि कौतुक झालं की माणसाच्या खांद्यावर मान जरा जास्तच उंच बसते, तसं गजाचं झालं.

…

“परशा शेट माका ट्रॉलरवर बोलवता,” गजा सांगत होता. “उद्यापासून येवक सांगितल्यान.”

“थंय सगळे दारू घेतत.”

“घेवंदेत. माझा मन आता घट्ट झालाहा. माका कोणाची सोबत नको.”

तांडेलाने सुईत नवा दोरा ओवला.

“आणि तुमीच सांगा, तांडेलानू, हो अनंता माझ्यासाठी काय करता? पोचवतंय मी, बोलतंय मी, समजावतंय मी. तो नुसतो बाजूक चलता.”

तांडेलाने सुई जाळ्यात खोवून ठेवली. सूर्य पाण्याला टेकला होता. 

“बरा,” तो म्हणाला. “आजपासून सुटलंस. एकटो जा.”

“आणि अनंता?”

“तेचा मी बघतंय.”

गजाने आपल्या वाट्याची मासळी माडाच्या हिरात ओवून घेतली. बांगडे चांगले टपोरे होते. लेकीला बांगडा म्हणजे जीव की प्राण. तो शीळ घालत निघाला. अनंता केव्हाच किनाऱ्यावरून गेला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

…

काजूचे दिवस होते. उंडीच्या वळणाच्या अलीकडेच काजूच्या दारूचा वास आला.

गजाची शीळ थांबली.

वळणावर डाव्या हाताला फिलूचा गुत्ता होता. तो तिथे होता हे गजाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने आयुष्याची निम्मी कमाई तिथेच ओतली होती. पण दोरीला लागल्यापासून रोज या वाटेने जाऊनही गुत्त्याचं दार त्याच्या नजरेस पडलं नव्हतं. आज पडलं. आत बत्ती होती, कुणीतरी हसत होतं, आणि बाकड्यावर एक जागा रिकामी होती.

“काय रे गजा, आज एकटोच?” फिलूने आतून हाक मारली. “ये, बस मरे वायच.”

“नाय रे. घरी जातंय.”

“जा की. कोण अडवता? हातात मासळी आसा, पैशांची गरज नाय.”

मासळी ठेवायची आणि गलास उचलायचा, हा दोघांमधला जुना व्यवहार. गजाने हातातल्या बांगड्यांकडे बघितलं. लेक दारात उभी असेल, हे त्याला आठवलं. शेवंती पहिल्यांदा आपल्या डोळ्यांत बघेल आणि मग हातातली मासळी घेईल, हेही आठवलं. सगळं आठवत होतं, आणि तरी त्याचा डावा पाय वाट सोडून गुत्त्याच्या अंगणात पडला होता. घट्ट झालेलं मन कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. गजाला रडू आलं, पण पाय मागे येईना…

तेवढ्यात डाव्या बाजूने कुणीतरी त्याला खेटलं.

दार दिसेनासं झालं.

“चल,” अनंता म्हणाला.

“तू… तू हंय कसो?”

“उंडीखाली बसान होतंय. तुझी वाट बघीत.”

“कशाक?”

अनंताने त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. त्या दिवसाचे चार शब्द त्याचे केव्हाच संपले असणार. तरी तो बोलला.

“तांडेलान सांगितल्यान माका. पयल्याच दिवशी. एकटो गेलो तर वाट चुकता, रोज घरी पोचव.”

“कोणाक?”

“तुका.”

…

दोघं गजाच्या घरी पोचले. लेक धावत आली. शेवंतीने डोळ्यांत बघितलं आणि मासळी घेतली. आत जाता जाता ती अनंताला म्हणाली, “भावजीनू, जेवन जावा.” हे ती रोजच म्हणत असे. ते नुसतं बोलण्यापुरतं असतं, असं गजाला आजवर वाटत आलं होतं.

“इलंय आता,” गजा म्हणाला आणि उलटा फिरला. अनंता त्याच्या मागोमाग निघाला. उंडीच्या वळणावर तो परत दाराच्या बाजूला आला. या खेपेला गजाने त्याचा हात धरला.

किनाऱ्यावर अंधार पडला होता. गोलात बसणारे सगळे घरी गेले होते. जाळं गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी भिवा तांडेल तसाच बसला होता, कंदील न पेटवता.

गजा समोर येऊन उभा राहिला. वाटभर त्याने केवढं काय काय ठरवलं होतं. रागवायचं होतं, पाया पडायचं होतं, इतके दिवस कोण कोणाला पोचवत होतं ते विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

“तांडेलानू, तुमी अजून हंयसरच? घराकडे गेलास नाय?”

तांडेलाने शेजारची वाळू हाताने सारखी केली.

लाट आली, वाळूत मुरली. अनंता खाली बसला. मग गजाही बसला. तिघांचाच का होईना, गोल झाला.

“आज…” गजाने अनंताकडे बघितलं. “आज त्या वळणाकडे माझो पाय अडाकलो.”

…

म्हाताऱ्याने काडी ओढून कंदील लावला. रोज आपल्या मागून येणारा तो कंदील आज एकटा त्या वळणाकडे गेलाच नव्हता, हे गजाला आता दिसलं.

“माका पण,” भिवा तांडेल म्हणाला. “चला, तुमी दोघा पुढे व्हा.”