कानात सांगितलेला शब्द

चिपळूणचे निवृत्त एसटी कंडक्टर अनंतराव साळवी यांनी बायकोसाठी मोठ्या हौसेने कानाचं मशीन घेतलं. घरी नेल्यावर त्यातून नुसती शिट्टीच वाजायला लागली. आठवड्याच्या आत मशीन घेऊन ते बायकोसह दुकानात परत गेले.

दुकानाच्या शेठनी मान वर न करता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' वर म्हणाले, "मशीन उत्तम आहे हो. काकूंचे कानच गेलेत."

ते अनंतरावांना फार लागलं, पण त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमचे कान तर ठणठणीत आहेत ना? मग तुम्ही घाला. मी हळूच एक शब्द सांगतो. तो ओळखलात, तर मुकाट्याने घरी जातो."

चार गिऱ्हाइकं बघत होती. शेठनी ऐटीत मशीन कानात घातलं. अनंतराव वाकून काहीतरी पुटपुटले.

"काय? जरा मोठ्याने बोला!" शेठ ओरडले.

"घरी हीसुद्धा अगदी हेच म्हणते," अनंतराव म्हणाले. "आता ग्राहक आयोगापुढेही असंच घालून दाखवाल ना? पावती माझ्या खिशात आहे, आणि बिघडलेल्या मालाला तुमची ही पाटी कायद्यात चालत नाही."

गिऱ्हाइकं हसली. शेठनी निमूटपणे नवं मशीन काढून दिलं.

वाटेत नवं मशीन कानात घातलेल्या बायकोने विचारलं, "अहो, त्यांच्या कानात काय सांगितलंत?"

चाळीस वर्षं तिला नुसतं 'अगं' म्हणत आलेले अनंतराव लाजले. मग वाकून कुजबुजले, "सुलभा."

तिला लख्ख ऐकू आलं. तरी ती म्हणाली, "नाही ऐकू आलं. पुन्हा सांगा बघू."